सीक ॲप: सातवा ठिपका रिकामा राहतो तेव्हा

सीक उघडून कॅमेरा एखाद्या पानावर किंवा किड्यावर धरला की पडद्यावर सात रिकामे ठिपके दिसतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती, या सात पायऱ्यांचे ते सात ठिपके. कॅमेरा थोडा जवळ नेला, कोन बदलला, हात स्थिर झाला की एकेक ठिपका भरत जातो आणि त्या पायरीचं नाव समोर येतं. आठवीत सजीवांचं, नववीत वनस्पतींचं आणि दहावीत प्राण्यांचं वर्गीकरण शिकताना जी उतरंड पाठ करावी लागते, ती इथे डोळ्यांसमोर भरताना दिसते. ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं, त्यामुळे रेंज नसलेल्या घाटातही कॅमेरा चालतो. जातीची माहिती आणि नमुन्याचे फोटो मात्र नेटशिवाय उघडत नाहीत.

हे ॲप आयनॅचरलिस्टचं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २००८ साली विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही सजीवांची ऑनलाइन नोंदवही २०२३पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. सीक २०१८मध्ये आलं. दोन्हींतला फरक आधी नीट समजून घेतलेला बरा, कारण शाळांमध्ये हमखास घोळ होतो तो इथेच. सीक यंत्राचा अंदाज सांगतं आणि नोंद तुमच्याच फोनमध्ये ठेवतं. आयनॅचरलिस्टवर नोंद सगळ्यांसमोर जाते आणि ओळख पटवतात ती जगभरची माणसं. लहान मुलांच्या हातात सीक द्यावं. १३ वर्षांखालच्या मुलांना आयनॅचरलिस्टवर पालकांच्या परवानगीशिवाय खातं उघडता येत नाही.

सीकची खरी किंमत कळते ती ठिपके अर्ध्यावर थांबतात तेव्हा. बहुतेक जण अशा वेळी वैतागून ॲप बंद करतात आणि ‘चालत नाही’ असा एक तारा देऊन मोकळे होतात. पण चौथ्या ठिपक्यावर थांबलेलं सीक इतकंच सांगत असतं की गणापर्यंतची खूण फोटोत आहे, कुलाची नाही. वर्गीकरण म्हणजे तरी दुसरं काय? कुठल्या पायरीपर्यंत पुरावा आहे तिथपर्यंतच नाव घ्यायचं. गवतात दिसलेल्या टोळाचा ठिपका ‘ऑर्थोप्टेरा’ या गणावर अडला तर ते उत्तर चुकीचं नाही, अपुरंही नाही. जेवढं दिसतं तेवढं त्यानं सांगितलं.

उणीव आहे ती दुसरीकडे. ठिपका का भरला हे सीक कधीच सांगत नाही. घरातल्या कोळ्यावर कॅमेरा धरला तर ॲनिमेलिया, आर्थ्रोपोडा, ॲरॅक्निडा असे तीन ठिपके पटकन भरतात. कोळी कीटक नाही, एवढं उत्तर मिळालं. पण आठ पाय, शिर आणि वक्ष एक झालेलं दोन भागांचं शरीर, शृंगिका नाहीत, पंख नाहीत, ही कारणं ॲपमध्ये कुठेच येत नाहीत. याचं कारण सरळ आहे. हे यंत्र पाय मोजत नाही. लाखो फोटोंवरून शिकून ‘असं दिसणारं काय असतं’ एवढंच ते ठरवतं. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा उडी मारणारा कोळी असतो. पुढचे दोन पाय तो मुंगीच्या शृंगिकांसारखे वर धरून चालतो. त्याच्यासमोर सीक बावचळतं. तिसऱ्या ठिपक्यावर कीटक आणि ॲरॅक्निडा यांत हेलकावे खाताना दिसतं. पाय मोजणारा सहावीतला मुलगा तिथे यंत्राच्या पुढे असतो.

म्हणून वर्गात वापरायचं तर ॲपसोबत कागद हवाच. चार जणांत एक फोन पुरतो. कागदावर सात ओळी आणि तीन रकाने: पायरी, सीकनं दिलेलं नाव, आणि ‘ही खूण मला प्रत्यक्ष दिसली’. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढच्या ठिपक्यावर जायचं नाही. वीस मिनिटांत एका गटाचे दोन सजीव नीट होतात, तीन घ्यायला गेलं की तिसरा रकाना एकमेकांचं बघून भरला जातो. खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे कुल, प्रजाती, जाती इथे, तो रकाना बहुतेक रिकामाच राहील. राहू द्या.

किनाऱ्यालगतच्या शाळांसाठी या ॲपची सगळ्यात चांगली प्रयोगशाळा म्हणजे मासळीबाजार. बाजाराच्या भाषेत बांगडा, बोंबील, मुशी, कोळंबी, शेवंड, माकूळ, तिसऱ्या, कालवं हे सगळं ‘म्हावरं’. सीकच्या भाषेत पहिला ठिपका सगळ्यांचा एक, आणि दुसऱ्यावर लगेच फाटे फुटतात. बांगडा, बोंबील, मुशी समपृष्ठरज्जू संघात. कोळंबी, खेकडा, शेवंड संधिपाद. माकूळ, तिसऱ्या, कालवं मृदुकाय. त्यातही माकूळ शीर्षपाद, तर तिसऱ्या आणि कालवं दोन शिंपल्यांच्या वर्गात. म्हणजे माकूळ आणि तिसरी हे एकमेकांचे जेवढे जवळचे, तेवढा त्यांतला कोणीही बांगड्याच्या जवळचा नाही. हे फळ्यावर सांगून जेवढं पटतं त्यापेक्षा ताटात शेजारी शेजारी ठेवून जास्त पटतं. फक्त ढिगावर कॅमेरा धरू नका. एक नग उचलून साध्या रंगाच्या ताटात आडवा ठेवा, बर्फ आणि पाणी पुसून घ्या. ओल्या खवल्यांवरची चमक ठिपके अडवते. सुकलेल्या जवळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, त्याचा आकारच गेलेला असतो.

तिसऱ्या ठिपक्यावर मात्र पाठ्यपुस्तकाशी खटका उडतो. शालेय पुस्तकात मुशी आणि बांगडा दोन्ही ‘मत्स्य’ वर्गात येतात. आयनॅचरलिस्टच्या वर्गीकरणाच्या वृक्षात बांगडा ॲक्टिनोप्टेरिजी, तर मुशी आणि पाखट इलॅस्मोब्रँकी. पहिल्याचा सांगाडा हाडांचा, दुसऱ्यांचा कास्थींचा. दोन्ही मांडण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पुस्तकानं जुनी सोयीची पेटी ठेवली आहे, ॲपनं ती फोडली आहे. वनस्पतींत तर हा खटका आणखी मोठा. आइक्लरनं १८८३ साली केलेली अबीजपत्री आणि बीजपत्री ही विभागणी शाळेत शिकवतात, आणि अबीजपत्रीत थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा असे विभाग येतात. सीकमध्ये थॅलोफायटा शोधून सापडणार नाही. समुद्रकाठचं हिरवं उल्वा क्लोरोफायटात गेलंय, गोड्या पाण्यातलं स्पायरोगायरा कॅरोफायटात. नेचा आणि आंबा एकाच संघात, ट्रॅकिओफायटात दिसतात, कारण दोघांतही पाणी वाहून नेणाऱ्या ऊती आहेत.

सृष्ट्यांचंही तेच. व्हिटेकरनं १९६९मध्ये पाच सृष्ट्या सांगितल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. या वृक्षात त्याहून जास्त आहेत. जीवाणू आणि आर्किआ वेगळे, प्रोटिस्टाच्या जागी प्रोटोझोआ आणि क्रोमिस्टा. खडकावर चिकटलेलं तपकिरी समुद्री शैवाल क्रोमिस्टात दिसलं की मुलं बुचकळ्यात पडतात. त्यांना एवढं सांगावं की कार्ल वोज यांनी १९७७मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून आर्किआ जीवाणूंपासून वेगळे काढले आणि तेव्हापासून वरच्या पायऱ्यांची मांडणी बदलतेच आहे. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहायचं. हे ॲप लावून गृहपाठ देणाऱ्या शिक्षकांनी ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी, नाहीतर उत्तरपत्रिकेत ‘क्रोमिस्टा’ लिहिलेलं पोर मार्क गमावून बसेल.

एक भाषेचा मुद्दा, थोडं विषयांतर असलं तरी. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ ही सहावी पायरी आणि ‘जाती’ सातवी. वर्तमानपत्रं मात्र ‘फुलपाखराची नवी प्रजाती सापडली’ असं छापतात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘जाती’. मुलांच्या डोक्यातला अर्धा गोंधळ इथून येतो. सीकचे शेवटचे दोन ठिपके हा फरक झकास दाखवतात: पॅपिलिओ हे नाव सहाव्यावर येतं, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर सातव्यावर. हेच आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्यात शास्त्रीय नावं दाखवण्याचा पर्याय सुरू करा. इंग्रजी बोलीनावांवर विसंबलं तर प्रजाती आणि जातीतला हा धागा दिसतच नाही. मराठी नावं लोकांनी भरलेली असतात, त्यामुळे काही जीवांना आहेत, बऱ्याच जणांना नाहीत, आणि असतील तिथेही एका तालुक्याचं नाव दुसऱ्या तालुक्यात चालत नाही.

दगडफुलावर ॲप नापास होईल असं वाटतं, पण होत नाही. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल ना दगड, ना फूल, ना वनस्पती. ते कवक आणि शैवाल यांची भागीदारी असते, आणि शास्त्रीय नाव भागीदारीतल्या कवकाला मिळतं. सीक पहिला ठिपका ‘फंगाय’ भरतं. डब्यातल्या वाळक्या तुकड्यावर नको. झाडाच्या सालीवर किंवा कातळावर वाढलेलं ओलं दगडफूल घ्या, करडी-हिरवी वरची बाजू आणि कडा उचलून काळपट खालची बाजू दाखवा.

कुठला भाग दाखवायचा, यावरच पुढचे ठिपके भरायचे की नाही हे ठरतं. फुलझाडाला नुसतं पान दाखवलं तर बरेचदा कुलावर अडतं. रुईचं उदाहरण घ्या. आपल्याकडे कॅलोट्रॉपिसच्या दोन जाती सहज दिसतात आणि दोघींची पानं जाड, पांढरट, चिकाळ. जायगँटिआची पाकळी फिक्या जांभळ्या किंवा पांढऱ्या रंगाची, एकसारखी, आणि उमलल्यावर पसरलेली किंवा मागे वळलेली. प्रोसेराच्या पाकळ्या उभट, पांढऱ्या, टोकाला गडद जांभळ्या. फूल नसेल तर सहाव्या ठिपक्यावर समाधान मानावं. तेरड्याच्या जातभाईंत फुलाच्या मागची शेपटीसारखी नळी महत्त्वाची, तेव्हा समोरून आणि बाजूनं असे दोन्ही फोटो हवेत. नेच्याचं पान उलटं करून बीजाणूंचे ठिपके दाखवावेत. अळंबी असेल तर टोपीखालच्या पट्ट्या आणि देठाचं बूड. फुलपाखराचे दोन्ही बाजूंनी पंख, आणि अंगही. कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनची एक प्रकारची मादी विषारी कॉमन रोझची नक्कल करते. पंखांवरून दोघी चटकन एकसारख्या वाटतात, पण रोझचं अंग लाल आणि मॉर्मनचं काळं. पंखच पंख फ्रेममध्ये आले आणि अंग कापलं गेलं, तर यंत्राची चूक काढण्यात अर्थ नाही.

फ्रेममध्ये एकच सजीव असावा. फुलावर मधमाशी बसली असेल तर सीक बऱ्याचदा फुलाचंच नाव सांगतं, कारण पडद्यावर जास्त जागा त्याची असते. छोट्या किड्यासाठी फोन चिकटवून धुरकट फोटो काढण्यापेक्षा थोडं लांब राहून झूम करावं, किंवा कॅमेऱ्यावर बसणारी मॅक्रो क्लिप घ्यावी. पावसाळ्यात लेन्सवर दमट वाफ बसते; आधी फडक्यानं पुसा. गोम आणि वाणी यांच्यासाठी बाजूनं फोटो घ्या: गोमेला प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, वाणीच्या बहुतेक खंडांना दोन. ठिपका काहीही म्हणो, हे मोजून घेता येतं.

काही ठिकाणी सातवा ठिपका भरलाच तर उलट संशय घ्यावा. शेतातले छोटे मिनर्व्हेरिया बेडूक फोटोवरून वेगळे करणं जाणकारांनाही जमत नाही. ते आवाजावरून ओळखतात. सीक आवाज ऐकत नाही. आयनॅचरलिस्टवर ध्वनिमुद्रण चढवता येतं, तेव्हा बेडूक, रातकिडे आणि पक्षी यांच्यासाठी तिकडे जावं. घरातल्या पालींचंही फार वेगळं नाही.

आयनॅचरलिस्टकडे वळताना चार गोष्टी नीट कराव्या लागतात आणि त्यातलं काही चुकलं तर नोंद ‘कॅज्युअल’ या अडगळीत पडू शकते. एका नोंदीत एकच जीव, पण त्याचे तीन-चार फोटो एकत्र. तारीख आणि ठिकाण. लावलेलं झाड किंवा पाळलेला प्राणी असेल तर तशी खूण. शाळेच्या बागेतली जास्वंद ‘रानटी’ म्हणून जाऊ नये. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्यातली ठिकाणाची आणि वेळेची माहिती काढून टाकतं. शिक्षकांनी ग्रुपवरचे फोटो गोळा करून चढवले की नकाशा रिकामा, तारीख चुकीची. मूळ फोनमधूनच चढवा, स्क्रीनशॉट नको.

मग ओळखीचं मतदान. जातीपर्यंतचं नाव पक्कं होऊन नोंद ‘रिसर्च ग्रेड’ व्हायला दोन तृतीयांशांपेक्षा जास्त ओळखी जुळाव्या लागतात. दोघांपैकी दोघं जुळले तर झालं. तिघांपैकी दोघं जुळले तर बरोबर दोन तृतीयांश, म्हणजे पुरेसे नाहीत. चौथा माणूस पहिल्या दोघांच्या बाजूनं यावा लागतो. हा नियम चांगला आहे, पण वर्गातल्या पोरांनी एकमेकांच्या नोंदींवर डोळे झाकून ‘अग्री’ दाबलं की त्याचा बोजवारा उडतो. परवाना अनुकूल असलेल्या रिसर्च ग्रेड नोंदी पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जातात आणि संशोधक त्या वापरतात. शाळेच्या गच्चीवरच्या गमतीचं ओझं त्यांच्यावर नको. स्वतः खूण पाहिली असेल तरच सहमती द्यायची, हा नियम वर्गाला आधीच घालून द्या. शंका असेल तर खुशाल ‘फुलपाखरू’ किंवा ‘द्विदल वनस्पती’ एवढंच लिहावं. वरच्या पायरीचं नाव टाकलं की त्या गटाचे जाणकार नोंदीपर्यंत पोचतात.

ठिकाणाबाबत एक सावधगिरी. संकटग्रस्त जातींचं अचूक ठिकाण आपोआप लपवलं जातं आणि नकाशावर ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते. आपल्या अक्षांशावर हा चौकोन साधारण २२ किलोमीटर लांबीचा. घराच्या अंगणातल्या नोंदींसाठी हीच सोय हातानं लावता येते. मुलांच्या नोंदींना ती लावावीच. लोकांनी तोडून न्यावी अशी सुंदर आमरी सापडली असेल तर तिलाही.

दोन जागी सीकवर अजिबात भरवसा ठेवू नये. पहिली, अळंबी. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी अळंबी कोवळेपणी पांढऱ्या पट्ट्यांची असते आणि खाण्याच्या छत्रीसारखी दिसते. तिची ओळख बीजाणूंच्या हिरवट रंगात आहे, आणि तो रंग बघायला टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवावी लागते. कॅमेऱ्याला ते कसं कळणार? दुसरी, साप. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांचे फोटो एकमेकांच्या जागी सर्रास फिरतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ, पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिके होत जातात. एवढं माहीत असूनही रात्री घरात निघालेल्या सापाकडे फोन घेऊन वाकायचं नाही. मण्यार चावल्याची जागा दुखत नाही, सुजतही नाही म्हणून लोक झोपून जातात. दवाखाना गाठायचा, ॲप नाही.

आठवीच्या सूक्ष्मजीवांच्या धड्याला सीकचा काही उपयोग नाही. त्यासाठी घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, बरा. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तो तयार केला. वर्धन १४० पट. डबक्याच्या पाण्यातला पॅरामेशियम त्यात सहज पळताना दिसतो, युग्लीना दिसतो. जीवाणूंसाठी मात्र तो अपुरा पडतो. बहुतेक जीवाणू एक-दोन मायक्रॉनचे आणि फोल्डस्कोपची भेदनक्षमता साधारण दोन मायक्रॉनची. फोनवरून घेतलेला पॅरामेशियमचा फोटो आयनॅचरलिस्टवर चढवता येतो, आणि त्या वेळी दगडफुलाप्रमाणेच तो कुठल्या सृष्टीत पडतो ते मुलांनी आधी अंदाजानं लिहून मग बघावं.

कोणासाठी घ्यावं? पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी, कागद बरोबर असेल तर, पाचपैकी चार. कागदाशिवाय अडीच. झाडांच्या जाती शिकणाऱ्या मोठ्यांसाठी सीकपेक्षा आयनॅचरलिस्टच, कारण तिथे चूक दाखवणारं माणूस भेटतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: सीकमधल्या नोंदी फक्त फोनवर असतात. ॲप काढलं, फोन रीसेट केला किंवा बदलला की वर्षभराचं सगळं जातं. शाळेच्या फोनवर काम करत असाल तर सहामाहीच्या आधी महत्त्वाचे फोटो गॅलरीतून वेगळे काढून ठेवा.